ऑनलाइन मनआरोग्य कार्यक्रम: नोंदणी भरपूर होते, तिसऱ्या आठवड्यात कुणी उरत नाही. काय करावं?

आडवाटे
आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात चिंता आणि उदासीसाठी सहा आठवड्यांचा ऑनलाइन कार्यक्रम मराठीतून सुरू करायचं घाटतंय. सीबीटीच्या (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची उपचारपद्धती) धर्तीवर. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा एक धडा, मग गृहपाठ. विद्यार्थ्यांसाठी आहेच, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही खुला असेल. समुपदेशक एकच, त्याही आठवड्यातून दोन अर्धे दिवस.

समितीत दोन तट पडलेत. एका गटाला रोज नोटिफिकेशन, पॉइंट, बॅज आणि शेवटी प्रमाणपत्र हवंय. दुसरा म्हणतो, ज्याला गरज आहे तो करेलच, मागे लागू नका. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरं काय ते मांडता येत नाहीये. या क्षेत्रातल्या मंडळींनी लिहावं. "संकल्पशक्ती वाढवा" छापाचे प्रतिसाद नकोत.

ताकतुंबा
रुमाल टाकून ठेवतो.

अंकलिपी
आधी आकडे, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. मनआरोग्याच्या ९३ अ‍ॅप्सचा प्रत्यक्ष वापर मोजणारा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. डाउनलोड केल्यावर १५व्या दिवशी अ‍ॅप उघडणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ३.९ टक्के, ३०व्या दिवशी ३.३ टक्के. तुमचा कार्यक्रम याहून बरा चालेल, कारण ओळखीचं महाविद्यालय मागे आहे, पण ओढ याच दिशेची असते.

"गरज आहे तो करेलच" याला उत्तर इंग्लंडमधल्या रीअ‍ॅक्ट चाचणीत आहे (२०१५). त्यात ६९१ जण होते, सगळे नैराश्यासाठी डॉक्टरकडे आलेले, म्हणजे गरज होतीच. त्यांना नेहमीच्या उपचारांसोबत 'बीटिंग द ब्लूज' किंवा 'मूडजिम' हा ऑनलाइन सीबीटी कार्यक्रम दिला. पहिल्यात आठ सत्रं, दुसऱ्यात सहा. पूर्ण केलेल्या सत्रांचं मध्यक? आठातली दोन आणि सहातलं एक. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा फायदाही दिसला नाही. फोन जायचे, पण ते मुख्यतः तांत्रिक मदतीचे. लॉगिन होतंय का, पान उघडतंय का, एवढंच. हा तपशील लक्षात ठेवा.

ताकतुंबा
म्हणजे नव्या वर्षाच्या रोजनिशीसारखंच. १२ जानेवारीनंतर कोरी.

नीरक्षीर
कोरी का राहते हे शोधलं तर उपाय सापडतो. लोक कुठेही सुटत नाहीत, ठरावीक जागी सुटतात. आणि प्रत्येक जागेचं कारण वेगळं असल्यामुळे एकच स्मरणपत्र सगळीकडे चालत नाही.

पहिली जागा नोंदणी ते पहिला धडा. इथे सुटणाऱ्यानं कार्यक्रम पाहिलेलाच नसतो. फॉर्म लांब असतो, किंवा नोंदणी शिबिराच्या उत्साहात होते आणि घरी गेल्यावर लिंक सापडत नाही. उपाय सोपा: नोंदणी आणि पहिला धडा एकाच बैठकीत उरकून घ्या. पहिला धडा १० मिनिटांचाच ठेवा आणि त्यात लगेच वापरता येईल असं काहीतरी द्या. सीबीटीचा इतिहास पहिल्या धड्यात सांगणारे कार्यक्रम पाहिले की हात जोडावेसे वाटतात.

दुसरी जागा दुसरा-तिसरा आठवडा. वाचायचं संपून करायचं सुरू होतं ते इथे. विचारांची नोंद, टाळलेली कामं, भीतीच्या पायऱ्या. चिंतेच्या कार्यक्रमात टाळलेल्या गोष्टीला सामोरं जायचा धडा आला की चिंता आधी वाढते, आणि ती वाढणारच. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस म्हणतो, "याने मला त्रास होतोय," आणि बंद करतो. त्याच्या जागी तो बरोबरच असतो! म्हणून दुसऱ्या धड्याच्या शेवटी स्वच्छ सांगा: पुढचा आठवडा जड जाईल, जड जाणं हा त्या धड्याचा भाग आहे, पायरी फार उंच वाटली तर मधली पायरी घाला. १०० पैकी ३०-४० भीतीची पायरी आधी, ८० ची नंतर.

तिसरी जागा बरं वाटायला लागल्यावर. चौथ्या धड्याच्या आसपास झोप सुधारते, वर्गात जाणं जमतं, मग माणूस गायब. याला गळती म्हणायचं का, यावर वाद घाला खुशाल. अडचण एवढीच की त्रास उलटू नये म्हणून काय करायचं, तो धडा बहुतेक ठिकाणी सगळ्यात शेवटी असतो. त्यातलं एक पान काढून तिसऱ्या धड्यातच द्या: माझी पहिली तीन लक्षणं कोणती, ती दिसली की काय करायचं, कुणाला फोन करायचा.

घाटमाथा
इतका खटाटोप कशाला? पोरांना मैदानावर पाठवा, मित्रांत बसवा. मोबाइलने बिघडवलेलं मोबाइलनेच दुरुस्त करायचं हा अजब न्याय आहे.

कोकमसार
घाटमाथा, मैदानावर पाठवा हे बरोबरच आहे, पण उदास माणूस नुसतं "जा" म्हटल्याने जात नाही, तिथेच तर गाडी अडते. गोव्यात संगाथ संस्थेने हेच पद्धतशीर केलं. हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्राम: प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेले पण प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक, ६ ते ८ सत्रं, प्रत्येकी ३०-४० मिनिटं. घरी किंवा फोनवरही. गाभा हाच की काय टाळलं जातंय ते शोधा, लहान कृती ठरवा, पुढच्या वेळी विचारा. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले ६४ टक्के, तुलनेच्या गटात ३९. आणि ही माणसं मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्यातली होती.

ऑनलाइन कार्यक्रमात यातला "पुढच्या वेळी विचारा" हा भाग गळतो. धडे सगळे उतरवले जातात, विचारणारा माणूस राहून जातो.

गृहपाठाच्या मापाबद्दल थोडं. "खोली आवरणे" ही कृती नाही, तो प्रकल्प आहे. "टेबलावरचे कप मोरीत नेऊन ठेवणे" ही कृती. कधी, कुठे, कशाच्या पाठोपाठ हे लिहून घ्या. "सकाळी चहा झाला की गच्चीवर दोन फेऱ्या" असं जोडलेलं काम "रोज चालायला जाईन" पेक्षा जास्त वेळा होतं. मानसशास्त्रज्ञ गोलविट्झरचं १९९० च्या दशकातलं काम यावरच आहे. कार्यक्रमासाठीही तेच: "आठवड्यातून एकदा" नाही, तर "बुधवारी शेवटचं प्रॅक्टिकल झालं की वाचनालयात".

रेवाकाठ
आता फोनच्या आतली गळती, हिच्याकडे समित्या बघतच नाहीत.

आपल्याकडच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेली अ‍ॅप्स फोन स्वतःच बंद करतो. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी सगळ्यांत थोड्याफार फरकाने. स्मरणपत्र येत नाही, आपण म्हणतो विद्यार्थी दुर्लक्ष करतोय. नोंदणीच्या वेळी अ‍ॅपच्या माहितीत जाऊन ऑटोस्टार्ट चालू करायचं आणि बॅटरीला निर्बंध नाहीत हा पर्याय निवडायचा. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी विचारली जाते. लोक सवयीने नाही दाबतात, तेही तपासा.

दुसरं, लॉक स्क्रीन. फोन घरात चार जण हाताळतात. "आज तुमचा मूड कसा आहे?" असं समोर झळकलं की आई विचारणार, हे काय? मजकूर लपवायची सेटिंग प्रत्येकाला दाखवा, आणि स्मरणपत्राचा मजकूरही साधा ठेवा: "बुधवारचं काम". अ‍ॅपच्या चिन्हावर मेंदूचं चित्र नको.

तिसरं, जागा. फोनमध्ये जागा नसते, म्हणून अ‍ॅपपेक्षा ब्राउझरमध्ये चालणारं पान बरं. ईमेलची सक्ती करू नका, पासवर्ड कुणाला आठवत नाही. मोबाइल नंबर आणि चार आकडी पिन पुरे. ऑडिओ असेल तर महाविद्यालयाच्या वायफायवर उतरवून ठेवता यावा.

चौथं, टायपिंग. विचारांच्या नोंदीचा सात रकान्यांचा तक्ता फोनवर देवनागरीत भरायचा म्हणजे शिक्षा. तीन रकाने ठेवा: काय झालं, मनात काय आलं, मग काय केलं. बोलून लिहायची सोय किंवा वहीत लिहून फोटो, दोन्ही चालू द्या. रोमनमध्ये मराठी लिहिलं तरी नाक मुरडू नका.

ताकतुंबा
रेवाकाठ, ही सेटिंग आमच्या बिल्डिंगच्या पाणी सोडण्याच्या अ‍ॅपसाठीही केली. बादल्या भरल्या. धागा सार्थकी लागला.

निद्रानाथ
झोपेचा कार्यक्रम जोडणार असाल तर तिथली गळती सगळ्यात आधी दिसते. निद्रानाशावरच्या सीबीटीत आधी सात दिवस झोपेची नोंद करतात. समजा अंथरुणात आठ तास, पण झोप साडेपाच तास. मग अंथरुणात राहायची मुदतच साडेपाच तासांवर आणतात, उठायची वेळ रोज एकच. पाच तासांच्या खाली सहसा जात नाहीत. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के झोप आठवडाभर लागली की १५ मिनिटं वाढवायची.

पहिले एक-दोन आठवडे दिवसा पेंग येते आणि लोक म्हणतात, "होती ती झोपही गेली." कागदावर नियम सोपा आहे, रात्री साडेबाराला एकट्याने जागत बसणं सोपं नाही. म्हणून या दोन आठवड्यांत दोनदा फोन हवा, नंतर नाही केला तरी चालेल. जागं राहायच्या वेळेत काय करायचं तेही आधी ठरवून घ्या, मोबाइल सोडून.

आणि हे सगळ्यांना सरसकट देऊ नका. ट्रक किंवा यंत्र चालवणारे, फीट येणारे, बायपोलर आजार असणारे यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय झोप कमी करायची नाही. इंग्लंडमध्ये नाइसने (उपचारांबद्दल शिफारशी करणारी सरकारी संस्था) २०२२ मध्ये स्लीपिओ या निद्रानाशावरच्या ऑनलाइन कार्यक्रमाची शिफारस केली, त्यातही गरोदर स्त्रिया आणि इतर आजार असलेल्यांची आधी वैद्यकीय तपासणी व्हावी असं म्हटलंय.

शून्यप्रहर
बॅजच्या बाजूने कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. १८-१९ वर्षांच्या मुलांना खेळ आवडतो. भाषा शिकायची अ‍ॅप्स त्यावरच चालतात. सुरुवातीला हात धरायला काय हरकत आहे?

नीरक्षीर
सुरुवातीला हरकत नाही. हरकत सलग दिवसांच्या साखळीला आहे. उदास माणसाची साखळी तुटणारच, कारण उठवत नाही असे दिवस हाच त्याचा आजार. तुटली की शून्य दिसतं, आणि "मला हेही जमत नाही" या यादीत एकाची भर. साखळीऐवजी एकूण झालेली कामं दाखवा. ती कधी कमी होत नाहीत. खंडानंतर परत आलेल्याला "तुमचे ९ दिवस चुकले" न सांगता थेट पुढचं दोन मिनिटांचं काम दाखवा.

प्रमाणपत्र मात्र नकोच. "नैराश्याचा कार्यक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केला" हे कुणाला दाखवणार? प्रमाणपत्रासाठी आलेली मुलं धडे भराभर पुढे ढकलतात, तुमचे आकडे छान दिसतात आणि काही कळत नाही.

शून्यप्रहर
साखळीचं मान्य. प्रमाणपत्रावर ताण-व्यवस्थापन लिहिता येईल, पण सोडा.

अंकलिपी
आता मूळ मुद्दा: माणूस किती हवा? २०२१ मध्ये जामा सायकिअ‍ॅट्रीत ३९ चाचण्यांमधल्या सहभागींची माहिती एकत्र करून तुलना छापली. मार्गदर्शकासह केलेली ऑनलाइन सीबीटी एकट्याने केलेल्यापेक्षा सरस. पण पीएचक्यू-९ चा (नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) स्कोअर ५ ते ९, म्हणजे सौम्य असेल, तर दोन्हींत जवळपास फरक नाही. ९ च्या वर गेलं की माणसाचा उपयोग दिसायला लागतो. तेव्हा एकच समुपदेशक सगळ्यांत वाटू नका. सौम्यवाल्यांना स्वतः करू द्या, बाकीच्यांना फोन.

हिशेब करा. दोन अर्धे दिवस म्हणजे आठ तास, ४८० मिनिटं. मार्गदर्शनाला दर आठवड्याला माणशी १०-१५ मिनिटं लागतात. फोन न लागणं आणि नोंदी धरून १६ मिनिटं धरा. ३० जण झाले. एका वेळी ३० च्या वर घेऊ नका, बाकीच्यांना पुढच्या तुकडीची तारीख द्या. २०० जणांना एकदम घेऊन कुणालाच फोन न करणं हा सगळ्यात महागडा पर्याय.

कोकमसार
इथे थोडा मतभेद. स्कोअरवर सगळं सोडू नका. ज्याला ७ आहे पण वाचायची सवय नाही, त्यालाही पहिले दोन आठवडे माणूस लागेल. आणि सगळे फोन समुपदेशकानेच करायची गरज नाही. मोहर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेला विचार असा की विचारणारा माणूस भरवशाचा, आपलं भलं चिंतणारा आणि जाणकार वाटला, आणि काय विचारणार हे आधी दोघांनी मिळून ठरलेलं असलं, की लोक टिकतात. प्रशिक्षण दिलेले समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थी हे करू शकतात, मात्र देखरेख हवी आणि ते त्याच वर्गातले नकोत.

अंकलिपी
पहिल्या दोन आठवड्यांचं पटलं. मग तुकडी २४ ची करा.

मेलबर्नी
अवांतर. ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींसाठी: मेडिकेअर (तिथला सरकारी आरोग्यविमा) असलेल्या प्रौढांना माइंडस्पॉटचे कार्यक्रम मोफत आहेत, सोबत थेरपिस्टशी फोन किंवा संदेशाने संपर्क. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजला (सरकारी आरोग्यसेवेतली मानसोपचाराची सोय) डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव देता येतं. मराठीतून बोलायचं असेल तर दुभाषी मिळेल का, हे नोंदणीच्या वेळीच विचारा.

रेवाकाठ
गुप्ततेवर कुणीतरी लिहायला हवंच होतं. महाविद्यालयाने चालवलेल्या कार्यक्रमात मुलं खरं लिहीत नाहीत, कारण प्राचार्य बघतील ही भीती. ती रास्तही आहे. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने जाहिरातींसाठी आरोग्याची माहिती इतर कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनबरोबर ७८ लाख डॉलरची तडजोड केली. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ गुप्ततेचा हक्क देतं. पण मुलाला कलम नको असतं, त्याला तीन उत्तरं हवीत: कोण बघतं, काय बघतं, कधी पुसतात. पहिल्याच पानावर तीन ओळींत लिहा. महाविद्यालयाला फक्त एकूण संख्या जाईल, नावं नाहीत, हे लेखी ठरवा आणि पाळा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करू नका, सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. ब्रॉडकास्ट यादी चालेल, पण ज्याने तुमचा नंबर साठवलाय त्यालाच तो संदेश पोचतो. तेव्हा नोंदणीच्या वेळी समोर बसून नंबर साठवून घ्या. नावही "समुपदेशन" नको, "बुधवार" चालेल.

नीरक्षीर
एक सुरक्षेची गोष्ट, हिच्याशिवाय सुरूच करू नका. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो ऑनलाइन विचारला आणि उत्तर शून्य नसेल, तर कोण बघणार, किती वेळात फोन करणार, सुट्टीच्या दिवशी कोण, हे नावानिशी ठरलेलं हवं. स्क्रीनवर त्याच क्षणी टेलिमानस या सरकारी मनआरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ दिसावा. तो २४ तास चालतो, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. ही सोय होत नसेल तर नववा प्रश्न विचारून उत्तर पडून ठेवण्यापेक्षा तपासणी समुपदेशकासमोर करा.

आणि पीएचक्यू-९ दर आठवड्याला भरून घेऊ नका. तो गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो, जीएडी-७ (चिंतेची तशीच प्रश्नावली) देखील. दोन आठवड्यांनी एकदा पुरे. दर वेळी आलेख दाखवा आणि त्याबद्दल एक वाक्य बोला. भरून घेऊन कुणी काही म्हणालं नाही की लोक पुढचा भरत नाहीत.

घाटमाथा
वाचतोय. मोबाइलबद्दलचं मत तेच आहे, पण फोन करणाऱ्या माणसाबद्दल विरोध नाही. सुरू कधी करताय? दिवाळीच्या तोंडावर कराल तर तुमचा तो जड आठवडा फराळात जाईल.

अंकलिपी
हे लाख मोलाचं. दुसरा आणि तिसरा आठवडा सुट्टी, अंतर्गत परीक्षा किंवा गणपतीत येणार नाही असं मागे मोजत जाऊन सुरुवात ठरवा.

निद्रानाथ
आणि गृहपाठ कागदावरही राहू द्या. वोबॉट या मनआरोग्याच्या चॅटबॉटचं अ‍ॅप ३० जून २०२५ ला बंद झालं. सेवा बंद पडली की माणसाच्या नोंदी सोबत जाऊ नयेत. छापलेली सहा पानं पुरतात.

आडवाटे
सगळ्यांचे आभार, समितीपुढे नेतो आहे. २४ ची तुकडी, पहिला धडा नोंदणीच्या बैठकीतच, बॅज आणि प्रमाणपत्र रद्द. आता एकच अडलंय. आठवडा चुकवलेल्याला पाठवायचा संदेश. मसुदा असा:

"नमस्कार. आपण या आठवड्याचा धडा पूर्ण केलेला नाही. कृपया लवकरात लवकर पूर्ण करावा. आपले मानसिक आरोग्य महत्त्वाचे आहे. काही अडचण असल्यास कळवावे."

ताकतुंबा
वीजबिल थकलंय असं वाटलं.

कोकमसार
"काही अडचण असल्यास कळवावे" वर कुणी कळवत नाही. अडचण तुम्हीच पुढे ठेवा आणि उत्तर एका आकड्यात घ्या:

"नमस्कार, बुधवारचं राहिलं वाटतं. बऱ्याच जणांचं या धड्यापाशी राहतं. १ वेळ नव्हता, २ धडा जड वाटला, ३ फोनची अडचण, ४ आता गरज वाटत नाही. नुसता आकडा पाठवला तरी चालेल. उद्या ४ ते ५ मध्ये मी फोन करू का?"

२ आला तर धड्याचा अर्धाच भाग सांगा. ४ आला तर मागे लागू नका, ते पुढं बिनसलं तर वापरायचं पान पाठवा आणि महिन्याभराने एकदा विचारा.

नीरक्षीर
आणि काहीच उत्तर नाही आलं तर तीन दिवसांनी एक फोन, मग थांबा. मात्र ज्याच्या नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य नव्हतं, त्याच्यासाठी हा नियम नाही. त्याला त्याच दिवशी फोन, आणि तो समुपदेशकानेच करायचा.

रेवाकाठ
संदेशातून "धडा" हा शब्दही काढा, लॉक स्क्रीनवर तो दिसेल. आणि "मी" म्हणजे कोण ते लिहा. अनोळखी नंबर हल्ली कुणी उचलत नाही.